थोरल्यांचं नाव

३ सप्टेंबर
सून निवडणुकीला उभी राहतेय! बायकांसाठी राखीव जागा, बाई काही मिळेना, म्हणून गावच्या परिषदेचे अध्यक्ष स्वतः आमच्या अंगणात चहाला आले. ‘बेगिमाय बरी. गरीब आहे. हात वर कर म्हटलं की करेल.’ अध्यक्ष म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. नाव लिहीत नाही. सासरच्या थोरांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, आणि मीही याच घरची सून. ह्यांनी मान डोलावली. ह्यांची मान तेवढ्यासाठीच आहे.

४ सप्टेंबर
ठरवलं. उभी राहणारच असेल तर शिकवून उभी करते. जन्म शाळेत मुख्याध्यापिका म्हणून गेला, एक सून शिकवता येऊ नये? थोरल्यांना बाहुली हवीय. बाहुलीला सासू आहे हे विसरले!

सभेत विचारायचा प्रश्न एकच. बालवाडी बंद आहे. ‘दुरुस्ती चालू आहे’ म्हणतात. आत थोरल्यांचं गवत रचलंय — गवत दुरुस्ती करतंय! गावातल्या पोरी लेकरं पाठीला बांधून बटाटे काढतात. आमचा नातू एमीर बेगिमायच्या पाठीवर.

१२ सप्टेंबर
तालीम. ह्यांचा जुना कल्पाक, पुरुषांची ती उंच टोपी, डोक्यावर चढवला आणि मी थोरले झाले. म्हटलं, ‘विचार काय विचारायचं ते. पण आधी चहा आण, बाळ.’ ती उठून चहा आणायला गेली! कपाळावर हात मारला तर कल्पाक खाली.

दुसरी अडचण नावाची. सभेत ज्याला विचारायचं त्याचं नाव घ्यावं लागतं. ती म्हणते, ‘उंच टोपीवाले आजोबा म्हटलं तर?’ सगळ्यांच्याच टोप्या उंच! मग हळूच म्हणाली, ‘आई, तुम्ही घेऊन दाखवा ना.’ मी तोंड उघडलं. खोकला आला.

२० सप्टेंबर
थोरल्यांनी मेंढा कापला. सगळी गल्ली जेवली, हेही. माझ्यासाठी रुमालात मांस बांधून आणलं. खाल्लं. मत कुठे दिलं?

२७ सप्टेंबर
‘आई, तुमचं मत तर मलाच ना?’
‘का? सून म्हणून? आधी प्रश्न विचार, मग बघू.’
रुसली. रात्री रस्सा खारट.

४ ऑक्टोबर
शाळेत सभा. थोरले मधोमध. ‘ज्याला विचारायचं त्यानं नाव घेऊन विचारावं. नियम आहे.’ आणि बायकांच्या बाकांकडे बघून गोड हसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या गावात बसलेली प्रत्येक बाई कुणाची तरी सून, आणि पुढे बसलेले सगळे कुणाचे तरी सासरे नाहीतर दीर. बायका कधीच का विचारत नाहीत, तर हे! आणि मी मुख्याध्यापिका!!

बेगिमाय उठली. ओठ हलले, आवाज नाही. ‘बोल की, बाळ. कुणाला विचारतेस?’ कल्पाक हसायला लागले. पोरगी लालबुंद. माझ्याकडे बघितलं — तालमीतला तो खोकला तिला आठवला असणार. मला राहवेना. उभी राहिले.

‘तुर्दुकुल सादिकोव! बालवाडीतलं गवत कधी काढणार?’

लिहिलं. आता लिहायला काय हरकत आहे! ह्यांनी कल्पाक तोंडावर ओढला. आणि बेगिमाय, खणखणीत: ‘तुर्दुकुल सादिकोव, मीही तेच विचारतेय. तारीख सांगा.’ मागून आणखी एक. मग सगळा बाक. त्या म्हाताऱ्याचं नाव आयुष्यात इतक्या बायकांनी घेतलं नसेल!

हे घरी येताना रस्ताभर बोलले नाहीत. निवांत चालणं झालं.

११ ऑक्टोबर
काल बालवाडीतलं गवत हललं. मतदान तोंडावर आलं की गवताला पाय फुटतात.

१२ ऑक्टोबर
मतदान. पडद्याआड हे नव्हते, थोरले नव्हते. सूनही नव्हती. उमेदवार होती, आणि तिनं प्रश्न विचारला होता. खूण केली.

१३ ऑक्टोबर
बेगिमाय निवडून आली! थोरलेही आले. मेंढा वाया गेला नाही.

२८ नोव्हेंबर
बालवाडी सोमवारी उघडणार. झोपायच्या गाद्या थोड्या, लेकरं फार. आज परिषदेत लोकांचे प्रश्न घ्यायचं काम बेगिमायकडे होतं. मी हात वर केला. म्हटलं, ‘बाळ, आपल्या एमीरला पहिल्या तुकडीत घेऊन टाक. घरचंच तर आहे.’

तिनं कागदावरून मान वर केली.

‘नागरिक उल्कान सादिकोवा, ज्याचा अर्ज आधी, त्याचं लेकरू आधी. खाली बसा.’

माझं नाव! माझ्याच सुनेच्या तोंडून, भर सभेत, तिच्याच लेकरासाठी! सगळे हसले, तुर्दुकुल सर्वांत मोठ्यानं.

बसले. कान अजून गरम आहेत. मत योग्य जागी पडलं.