ताटलीएवढं भोक

ता. ९, शनिवार

चि. टकळीस,

आजीचा आशीर्वाद. मी ठीक, गुडघे त्यांच्या मर्जीचे. अक्षर लावून लावून वाच, दुसरीपर्यंतच्या शाळेत एवढंच पदरात पडलं.

मी स्पीकरचं खोकं बनवलं. जुन्या कपाटाच्या फळ्या, घरची हातोडी आणि सुताराची करवत. करवत देताना तो म्हणाला, "आजी, बोटं सांभाळा." मी म्हटलं, "बोटं माझी आहेत. तू तुझ्या करवतीची काळजी कर."

भंगारवाल्याकडून मोठा स्पीकर आणला. पुढच्या फळीला गोल भोक पाडायचं म्हणून ताटली ठेवून पेन्सिल फिरवली. ताटली न् स्पीकर अगदी एका मापाचे, मी खूश. दुपारभर कापलं. स्पीकर लावायला गेले तर तो धप्पकन आत. टेकायला कड नको का ठेवायला? तुझी आई हसून हसून खाली बसली. दुसरी फळी घेतली आणि लहान ताटली. फटी कणकेने बुजवल्या, त्या मुंग्यांनी मोकळ्या केल्या. मग गोंदात भुसा कालवून भरला.

आता तुझ्या रुसण्याचं. मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, सोमवारी रेडिओवर मला ऐकलंस का. मी म्हटलं, ऐकलं, झकास बोललीस. आणि सोमवारी तुझा घसा बसला होता म्हणे, दुसरीच कोणी बोलली. "आजी, तुला माझं काही पडलेलंच नाही," म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून गप्प. तू आणि गप्प!

अगं, मी रोज रेडिओसमोर बसते. तोच पुटपुटतो. दुरुस्तीवाल्याला दाखवला, तो म्हणाला, रेडिओ ठणठणीत आहे. मग बिघडलेलं कोण उरलं, ते तू समज.

या मंगळवारी खोकं रेडिओला जोडलं आणि फळीला उजवा कान लावून बसले. तू बाजारभाव सांगत होतीस. कांद्यापाशी अडखळलीस, "माफ करा" म्हणालीस, आणि मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. हे तुझ्या आईने सांगितलेलं नाही. ती तेव्हा मोरीत भांडी घासत होती.

त्या खुर्चीवाल्याला जरा दम दे. आणि फोन कर. ओरडू नकोस, सावकाश बोल.

तुझी बहिरी
(लिहिलं एकदाचं)
आजी