मंगळवारचं जाकीट

प्रिय डेल,

आपल्या काउंटीत माणसं राहतात तरी किती, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. आणि सध्या मला पगार मिळतो तो नेमका याच प्रश्नाच्या उत्तराचा. काउंटीच्या मंडळाला ‘आकड्यांमधली आपली काउंटी’ अशी एक पुस्तिका हवी होती. घरातली पहिली पदवीधर म्हणून आईनं माझं कौतुक इतक्या ठिकाणी करून ठेवलंय, की दुसऱ्या कुणाला विचारायची त्यांची छाती झाली नसावी.

बरेचसे आकडे सोपे निघाले. माणशी गुरं सोळा. गेल्या वर्षी जन्म चार, मृत्यू अकरा. बाळंतपणाचं इस्पितळ सत्तर मैलांवर. अडलं ते माणसांपाशी. घरात किती जण, असं विचारल्यावर पेल आजी म्हणाल्या, “चार.” त्या एकट्या राहतात. बाकीचे तीन कोण, तर एक डेन्व्हरला, एक टेक्ससला, एक नौदलात. मी म्हटलं, “आजी, इथे झोपतात तेवढेच सांगा.” तर म्हणतात कशा, “अंथरुणं घातलेली आहेत. आले की झोपतील.” घरोघरी हेच. आपल्या आईनंसुद्धा मला तुला धरून चार सांगितले आणि माझ्याकडे न बघता बटाटे सोलत राहिली.

मी मात्र ‘जो जिथे झोपतो तो तिथला’ या नियमानं चालले. आकडा खरा असला तरच त्यातून माणसाचं भलं होतं, असं मला कॉलेजात शिकवलंय आणि ते मला अजूनही पटतं. ‘रुग्णवाहिका एक, स्वयंसेवक नऊ’ ही ओळ मी स्वतः शेडमध्ये जाऊन, बघून लिहिली. भिंतीवर नऊ खुंट्या, त्यांवर नावं शिवलेली नऊ जाकिटं. गाडीची सगळी व्यवस्था व्हर्लीनमावशीच बघते, म्हणून कच्चा मजकूर तिला वाचायला दिला. हसून हसून तिला ठसका लागला. “अगं शहाणे, तू माणसं मोजलीस की कपडे?”

त्या नऊ जणांतल्या हार्लनला पुरून दोन वर्षं झाली. दोघं मुलांकडे ॲरिझोनाला गेले. आणि एक जाकीट तुझं. आपल्याकडे कुणी कुणाचं जाकीट उतरवत नाही, तुला माहीतच आहे. उतरवलं म्हणजे तो आता येणार नाही, असं तोंडानं म्हटल्यासारखं होतं. खरे स्वयंसेवक पाच. आणि सहाच्या खाली गेले तर गाडी शेजारच्या काउंटीकडे सोपवायची, असं मंडळानं मार्चमध्येच ठरवून टाकलंय. म्हणजे मी खरं लिहिलं की गाडी जाणार, आणि मग पेल आजींच्या छातीत दुखलं तर त्यांनी तासभर वाट बघायची. खोटं लिहायला माझा हात धजेना.

मग मी विचारलं, गाडीवरची डेलची मंगळवारची पाळी कोण सांभाळतं? मावशी म्हणाली, “तुझा बाप. दुसरं कोण?” मी समजत होते, बाबा मंगळवारी पत्ते खेळायला जातात. त्यांना ना प्रशिक्षण ना परवाना, वर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. फेब्रुवारीत पेल आजींना नेताना त्यांनी गाडी बर्फावरून थेट रस्त्याकडेच्या चरात घातली. नशिबानं कुणाला लागलं नाही. आजी सगळ्यांना रंगवून सांगतात, “पेशंट मी, आणि टॉर्च धरायला लावला मलाच.” लोक हसतात. मला हसू आलं नाही. बाबांकडे विषय काढला तर म्हणाले, “डेल येईपर्यंतच चालवतोय मी. त्याच्या जाकिटाला हात लावायचा नाही.”

आणि तू दर ख्रिसमसला म्हणतोस, पुढच्या वर्षी नक्की परत येतो. दर वर्षी ते म्हणणं तुला जड जात असणार. तुझे फोन त्यामुळेच कमी झालेत, असं मला वाटतं. तिथे तुझी नोकरी आहे, रेनी आहे, आता बाळ येणार. माझ्या नियमानं तू तिथलाच मोजला जातोस, आणि त्यात तुझा काही गुन्हा नाही. इथलं दुसरं कुणी तुला हे सांगणार नाही, म्हणून मी लिहायला बसले.

उन्हाळाभर मी शाळेच्या व्यायामशाळेत रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब देत होते. रुग्णवाहिकेच्या परवान्याची परीक्षा पास झाले. लिंकन शहरात मिळालेल्या नोकरीला नको म्हणून कळवलं. गेल्या मंगळवारी शेडमध्ये, बाबांच्या समोरच, तुझं जाकीट उतरवलं. त्यांनी रिकामी खुंटी हलवून बघितली. मग म्हणाले, “ती खुंटी सैल आहे. आधी घट्ट कर,” आणि स्वतःच पेचकस घेऊन आले. जाकीट वेगळ्या पार्सलनं तुझ्याकडे निघालंय. उबदार आहे, तिकडे थंडीत घाल. खुंटीवर आता माझं आहे. पुस्तिका काल छापायला दिली. त्यात सहा लिहिलंय.

तुझीच, मंगळवारी फोन न उचलणारी,
ॲनेट