आडवी सुरी

फालमथ
१२ जानेवारी १८८४

कमांडर गिल्बर्ट थॉर्न यांस,

नमस्कार. आपली प्रकृती ठीक असावी. इकडे थंडी फार आहे, आणि बंदरात कोळसा महागल्यामुळे मी दिवाणखाना बंद करून स्वयंपाकघरातच बसते. आमची जुनी स्वयंपाकीण केझिया अजून आहे आणि अजून भांडते.

माझा भाऊ कॅप्टन अँब्रोज पॅस्को नोव्हेंबरच्या अखेरीस वारला, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेच असेल. शेवटी फार हाल झाले नाहीत.

पत्राचे कारण असे की आमच्या दिवंगत धाकट्या भावाचा मुलगा लायोनेल अँब्रोजचे चरित्र छापणार आहे. त्यासाठी मी त्याची समुद्रपेटी उघडून बसले आहे. या माणसाने काहीच टाकून दिले नव्हते! तेराव्या वर्षी पहिल्या जहाजावरून आईला लिहिलेले पत्रसुद्धा आहे. ‘चीजमध्ये अळ्या आहेत, पण त्या चीजपेक्षा मऊ लागतात, मुरंबा पाठव.’ मग आफ्रिकेचा किनारा, मग प्रशांत महासागरातल्या बेटांची मोजणी, त्याने स्वतः काढलेले नकाशे. आपण ‘स्टारफ्लॉवर’ जहाजावर त्याचे पहिले लेफ्टनंट होता, तेव्हाची आपली काही पत्रेही सापडली. परत हवी असतील तर कळवावे.

बाकी लिहिण्यासारखे विशेष नाही.

आपली,
हेस्टर पॅस्को

*

फालमथ
२६ जानेवारी

प्रिय श्री. थॉर्न,

तुमचे उत्तर मिळाले. पत्रे नकोत, जाळून टाका, असे लिहिलेत, आणि शेवटच्या ओळीत ‘तुम्ही कशा आहात?’ असे विचारलेत. त्या ओळीमुळे मला हे दुसरे पत्र लिहावे लागते आहे. विशेष काही नाही असे मी मागे लिहिले, ते खोटे होते.

लायोनेल आठवडाभर इथे मुक्कामाला होता. ‘स्टारफ्लॉवर’ बुडाल्यावर जो खटला झाला, त्यातल्या तुमच्या साक्षीची नक्कल त्याने पेटीतून काढली आणि थेट चुलीकडे निघाला. प्रवाळाच्या खडकांतून जहाज न्यायचे ते सूर्य डोक्यावर असताना, पाण्यातला रंग दिसतो तेव्हा. कॅप्टनने ते मावळत्या सूर्याकडे तोंड करून नेले, आणि मी थांबायला सांगितले होते, असे तुम्ही शपथेवर म्हणालात. लायोनेलच्या पुस्तकात मात्र पहाऱ्याची जबाबदारी तुमची होती आणि तुमचे लक्ष नव्हते, असे येणार होते. तीन खलाशी बुडाले ते तुमच्यामुळे, असेही.

“आत्या, मेलेल्या माणसाला कशाला लाज आणायची?” तो म्हणाला.

“आणि जिवंत माणसाला आणलेली चालते वाटतं?”

“थॉर्न म्हातारा झालाय. त्याला ना बायको, ना पोर. कोण वाचणार आहे तिकडे?”

केझिया कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, “लायोनेलबाबा, कागद खाली ठेवा. माझ्या चुलीत कचरा घातलेला मला खपत नाही.”

कागद त्याने ठेवला, पण हट्ट सोडला नाही. तेव्हा मी त्याला जे सांगितले, ते आधी तुम्हाला सांगायला हवे होते.

खटला चालू असताना कॅप्टनची तलवार टेबलावर आडवी ठेवतात. निकाल ठरला की त्याला आत बोलावतात. टोक त्याच्याकडे वळलेले दिसले की समजायचे, दोषी. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तिथेच होता. पण त्यानंतर आमच्या घरात काय झाले हे तुम्हाला ठाऊक नाही. अँब्रोज जेवायला बसला की समोरच्या सुरीचे टोक त्याला सहन होईना. समोर बसणारी मीच. म्हणून केझिया माझी सुरी ताटाच्या वर आडवी ठेवू लागली. “तोफांना भ्यायले नाहीत आणि सुरीला भितात,” असे ती पुटपुटायची. पुढे सवय झाली. अर्ध्या पगारावर घरी बसून त्याने बागेत वाटाणे लावले, पुन्हा जहाज कधीच मिळाले नाही. वीस-बावीस वर्षे आमच्या टेबलावर सुरी आडवीच राहिली. नौदलाने निकाल दिला होता, पण आमच्या घरी खटला चालूच होता.

वारण्याच्या तीन दिवस आधी तो खाली जेवायला आला. मटणाचा रस्सा होता. बसला आणि म्हणाला, “हेस्टर, आज तुझी सुरी सरळ ठेव.”

मी ठेवली. टोक त्याच्याकडे.

तो बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “थॉर्न खरं बोलला होता. सूर्य माझ्या डोळ्यांत होता. त्याला कळव.” आणि रस्सा संपवला, वर “मीठ कमी आहे” म्हणून केझियाला ऐकवलेही.

हे सगळे मी लिहून काढले आहे. खाली माझी सही आणि केझियाचा अंगठा आहे. लायोनेलला म्हटले, छापायचे तर हेही छाप, नाहीतर पेटीची किल्ली विसर. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने लंडनला गेला. धाकट्या भावाची ही एकुलती एक आठवण माझ्यावर रुसली, याचे वाईट वाटते. पण किल्ली माझ्या गळ्यात आहे.

हेस्टर पॅस्को

*

फालमथ
९ फेब्रुवारी

प्रिय गिल्बर्ट,

‘त्याने तेवढे म्हटले हे पुरे, मला पुस्तक नको,’ हे तुमचे वाक्य मी केझियाला वाचून दाखवले. ती तिच्या त्या मळक्या एप्रनने डोळे पुसत म्हणाली, “कांदा फार तिखट आहे.” कांदा अजून चिरलाही नव्हता.

मी कशी आहे, हा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारलात, तर ऐका. खटल्यापूर्वी तुम्ही दर रविवारी जेवायला यायचात. खटल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तुम्ही आमच्या फाटकापर्यंत आलात, टोपी हातात घेऊन उभे राहिलात आणि परत गेलात. मी खिडकीत होते. त्यानंतर कितीतरी रविवार मी त्या खिडकीत काढले. भावाला दोष दिला नाही, तुम्हालाही नाही. पण मला तुमची फार आठवण येत होती. कोणी विचारले नाही, म्हणून सांगितले नाही.

येत्या रविवारी येतो म्हणालात. या. फाटकाची कडी मोडली आहे, नुसते ढकला. अँब्रोजची खुर्ची आम्ही हलवलेली नाही, ती रिकामीच राहू दे. तुमचे ताट तिथे माझ्या समोर नाही, माझ्या शेजारी मांडते आहे. दोन्ही सुऱ्या सरळ ठेवणार आहे, आणि दोन्हींची टोके कुणाकडेच नसतील.

वाट बघते,
हेस्टर