सूर्य फिका पडला काय?

नागपूर, २ सप्टेंबर १९८४

प्रिय पुष्पलता,

तुझ्या बापाचा आशीर्वाद. ओळी वाकड्या दिसतील. पेन खराब आहे असं समज अन् वाच. तुझं पत्र शुक्रवारी आलं. यंदाच्या दिवाळीलेही येणं होत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून तू मोकळी झाली. चार वर्षं झाली वं पोरी तुले अमेरिकेत जाऊन! तुझी आई दिवसभर कोणाशी बोलली नाही. मी मात्र बोललो, हातमाग बंद करून एकटाच बडबडत बसलो.

तुझं अक्षर बारीक, म्हणून वामनराव मास्तरांकडून पत्र पुन्हा वाचून घेतलं. तुले शाळेत सायन्स त्यांनीच शिकवलं, त्यांची छाती फुगली. आकाशातले दोन उपग्रह सूर्याचे अतिनील किरण मोजून राहिले अन् दोघांचं जुळत नाही म्हणे. अठ्ठ्याहत्तर सालचा म्हणते, किरण बरेच कमी झाले. एक्याऐंशीचा म्हणते, एवढे काही नाही. खरं कोण, हे ठरेपर्यंत तुले सुट्टी नाही. बाप रे, सूर्याच्या भांडणात माझी पोरगी पंच! मास्तरांनी समजावून सांगितलं की उपग्रहावर एक तबकडी असते, तिच्यावर उजेड घेऊन मोजतात, अन् तोच उजेड हळूहळू तिले काळवंडवते. मग आकडा कमी आला तर सूर्य मंदावला का तबकडी म्हातारी झाली, हे त्या एकट्या उपग्रहाले कळतच नाही. म्हणून दोघांचे आकडे समोरासमोर मांडून तू बसली आहेस.

मले हसूच आलं. हे तर आपल्या कोष्ट्यांचं जुनं दुखणं! तू दहा वर्षांची असताना नमुन्याची लाल सुताची लडी मी खिडकीजवळच्या खुंटीवर टांगली होती. दोन वर्षं तिच्याशीच जुळवून सूत रंगवून घेतलं. लडी उन्हानं फिकी होत गेली अन् तिच्यासंगं आमचा लालही. रोज डोळ्यासमोर, म्हणून कोणाले कळलं नाही. शेवटी व्यापाऱ्यानं लुगड्यांचा गठ्ठाच परत आणून टाकला. तेव्हापासून भैयाजी रंगारी एक लडी काळ्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवते अन् वर्षातून एकदाच, दसऱ्याले, बाहेर काढून खुंटीवरच्या लडीशी लावून पाहते. तू ती हातात घ्यायले हट्ट करायची अन् भैयाजी ओरडायचा. तुमच्या उपग्रहात अशी झाकलेली तबकडी असली तर आधी तिले विचार. नसली तर पुढच्या खेपेले ठेवायले लाव. बापानं सांगितलं म्हणून सांग, लाजू नको.

आता खरं ते लिहितो. आखाडात माझ्या मागावरच्या लुगड्याच्या पदरात लालच्या जागी तपकिरी सूत गेलं. वीतभर विणून झालं तरी मी लालच समजून राहिलो होतो. शेजारच्या चंद्रकलानं दाखवलं तर तिच्यावर खेकसलो. मग तणतणत भैयाजीकडे गेलो. तुझा लाल इतका मातकट आहे गा, की त्याच्यात अन् तपकिरीत फरकच राहिला नाही, असं चारचौघांत बोललो. त्या बिचाऱ्यानं पेटी आणली, फडकं सोडलं अन् लडी माझ्या हातात दिली. पुष्पा, ती लडीही मले मातकटच दिसली. ती तर अंधारात होती वं, ती काहून फिकी पडेल? खराबी सुतात नव्हती, माझ्या डोळ्यात होती. मी तिथंच ओट्यावर बसून गेलो. भैयाजीनं चहा पाजला अन् हात धरून घरी पोचवलं.

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. तुझा बर्फातला फोटो रोज पाहतो असं मी लिहिलं होतं. पाहतो ना, पण चौघींत तू कोणती, हे तुझी आई बोट ठेवून सांगते अन् त्या बोटाखालच्या ठिपक्यालेच मी पुष्पा म्हणतो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ठरलं आहे. चार वर्षं दर पत्रात मी लिहीत आलो की काम टाकून येऊ नको, आम्ही मजेत आहो. ते खोटं होतं. मले तुझी लय आठवण येते. जेवताना येते, माग चालवताना येते, कोणाची पोरगी माहेरी आली की घरात बसवत नाही. तेवढं सांगायलेच हे पत्र लिहिलं. सातव्या दिवशी पट्टी सुटते म्हणतात. मले सगळ्यात पहिले तुझं तोंड पाहायचं आहे. तुले उशीर झाला, आठव्या दिवशी पोचली, दहाव्या दिवशी पोचली, तरी चालेल. मी डॉक्टरले सांगून ठेवलं आहे, पट्टी सोडायची तर सोडा, पण पोरगी येईपर्यंत मी डोळा उघडणार नाही.

तुझाच,
बाबा
(ईश्वरदास)