हेन्द्रिकाची डोलकाठी

३ मार्च, रविवार

इथे सिंगापुरातच, सेम्बावांगच्या एका छोट्या यार्डात जुनं डच शिडाचं जहाज आहे! आर्याने फोनवर जाहिरात दाखवली — दुरुस्ती चालू आहे, इतिहास शोधायला स्वयंसेवक हवेत. "मम्मा, यू लाइक ओल्ड थिंग्ज, व्हॉट." मस्करीच केली कार्टीने. तिला काय माहीत मी कशी वाचली ती जाहिरात.

आजच जाऊन आले. लोखंडी अंग, गंजलेलं. दोन डोलकाठ्या, डेकवर ताडपत्र्या. दुरुस्तीचा कारभार योस्ट नावाच्या उंच डच माणसाकडे. जहाजाचं आताचं नाव मुतियारा. आधीचं नाव त्यालाही माहीत नाही. एवढंच म्हणाला, की सत्तर-ऐंशीच्या दशकात कधीतरी कुणी ते युरोपातून इकडे आणलं आणि मग ते एकाकडून दुसऱ्याकडे विकलं गेलं.

मला एकच नाव हवंय. हेन्द्रिका.

५ मार्च

लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

बाळूदादा हेन्द्रिकावर सुतार होता. आमचं घरच सुतारांचं. बाबा जयगडला मचवे बांधायचे. दादा पंच्याऐंशी साली सिंगापूरला आला. दोन वर्षांनी मुंबईच्या एजंटाची तार: वादळ झालं, मोठी डोलकाठी मोडून पडली, चार माणसं वाहून गेली, त्यात सुतार. जहाज वाचलं. बस, एवढंच. देह नाही, कपडे नाहीत, काही नाही.

बाबांनी बारा वर्षं वाट पाहिली. मग भटजी बोलावून पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. हरवलेल्या माणसाचं असंच करतात आमच्यात. आई तिकडे फिरकलीसुद्धा नाही. विहिरीवर चादरी धूत बसली — धुतलेल्याच परत धुतल्या. पुढच्याच पावसाळ्यात बाबा गेले.

आई आता धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे असते, चिपळूणला. मी लग्नानंतर श्रीनिवासच्या बँकेपायी इथे आले, तेव्हापासून दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न एकच. "काही कळलं का गो?" जशी काही मी सिंगापूरला पोलीस म्हणूनच आल्ये! आता चौऱ्याऐंशी झाली. मागच्या महिन्यात दोनदा पडली. तिला उत्तर द्यायचंय. ती आहे तोवर.

११ मार्च

श्रीनिवास म्हणाला, "तू जहाज शोधतेयस की भाऊ?" भाजी जरा जास्तच तिखट केली.

२३ मार्च, शनिवार

वुडलँड्सहून बसने अर्धा तास, पण हल्ली रस्ता संपूच नये असं वाटतं. पोचलं की भीती वाटते.

योस्टने आज एक गोष्ट सांगितली. हॉलंडमध्ये सरकारी माणसं जहाजाची मोजणी करायची आणि नंबर थेट लोखंडात ठोकायची. नाव बदलतं, मालक बदलतो, नंबर तसाच राहतो. तो नंबर रंगाच्या थरांखाली असणार. म्हणजे खरवडायचं! मी बाह्या वर केल्या. बँकेतली निवृत्त बाई, हातात खरवडणी. मागच्या बाजूला, पाण्याच्या जरा वर, चार रंग निघाले — निळा, हिरवा, पांढरा, पुन्हा हिरवा. हाताला फोड आले. नंबर काही निघाला नाही.

३० मार्च

निघाला! एक आकडा अर्धा गंजलाय, पण वाचता येतो. योस्टने हॉलंडला त्याच्या ओळखीच्या दफ्तरखान्यात ईमेल केलंय. मी दिवसभर लोखंडाचा तो तुकडा हाताने पुसत बसले होते. योस्ट बघून न बघितल्यासारखं करत होता. बरा माणूस आहे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

श्रीखंड आणलं, गुढी बाल्कनीत उभारली. शेजारची मिसेस लिम म्हणाली, "सो नाइस, एव्हरी इयर." दुपारी योस्टचा मेसेज.

हेन्द्रिका. एकोणीसशे नऊ साली बांधलेली. तीच.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. सणाच्या दिवशी.

१४ एप्रिल, रविवार

आईला सांगितलं, दादाचं जहाज सापडलं. म्हणाली, "जहाज सापडून काय करायचंय, उर्मे? माणूस?" नंदाने फोन घेतला, "ताई, तिला नको ना अशी आस लावूस. मग रात्रभर बसून राहते." नंदाचं खरं आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि रोज बघते ती नंदा.

२ मे

मोठी डोलकाठी बुडाशी कुजली आहे. परवा क्रेनने उचलणार. योस्ट लहान पोरासारखा खूश — डच लोक डोलकाठी उभी करताना तिच्या खाली नाणं ठेवतात म्हणे, शुभ म्हणून. त्यावरून साल कळेल, असं त्याला वाटतंय. मी म्हटलं, आमच्याकडेही ठेवतात. त्याला भारी नवल वाटलं. जणू लाकूड फक्त हॉलंडातच उगवतं!

४ मे, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

डोलकाठी उचलली. ती बसते त्या खोबणीत डांबराचा काळा गोळा. योस्टने सुरीने फोडला. आत एक जुनं डच नाणं — त्याने आनंदाने आरोळीच ठोकली. आणि एकमेकांना चिकटलेली दुसरी दोन. ती त्याने बाजूला टाकली. "सम सेलर्स पॉकेट चेंज," म्हणाला. कुणाच्या तरी खिशातली चिल्लर.

मी उचलली. डांबराने काळी ठिक्कर. एक मोठं, एक लहान. लहान खाली, मोठं वर. मोठ्याच्या कडेला कानशीची खाच.

सव्वा रुपया.

बाबा प्रत्येक मचव्याच्या डोलकाठीखाली सव्वा रुपया ठेवायचे. पावली खाली, रुपया वर. आणि रुपयाला कानशीने एक खाच — देवाचा झालेला पैसा परत बाजारात जाऊ नये म्हणून. खाच मारायची बाबांचीच पद्धत, जयगडात दुसरं कुणी मारत नसे. आम्ही दोघं ओट्यावर बसून बघायचो. खाच मारायला दादाला द्यायचे, मला नाही. मुलगी म्हणून! मी भांडायचे.

योस्टला सगळं सांगितलं. तो खाली बसला, लाकडावरच. मग म्हणाला, "युवर ब्रदर?" मी मान डोलावली. नाणी तो स्वच्छ करून देणार आहे. घासू नको म्हटलं, भिजत ठेव.

दादा इथे होता. ह्याच लोखंडावर गुडघे टेकून बसला होता. एवढं मिळालं तरी पुष्कळ. आईला आता सांगता येईल, त्याने बाबांची रीत सोडली नाही. परक्या मुलखात, परक्या जहाजावरसुद्धा.

५ मे

फोन केला नाही. आधी नाणी हातात येऊ देत. जेवताना आर्याला आणि श्रीनिवासला सगळं सांगितलं. श्रीनिवासचे डोळे भरले. आर्या मात्र कपाळाला आठी घालून बसली. मग म्हणाली, "बट मम्मा, द मास्ट ब्रोक, राइट? इन द स्टॉर्म. सो धिस वन इज द न्यू वन, लाह."

मी म्हटलं, काय?

"धिस मास्ट केम आफ्टर."

६ मे

मोडलेली डोलकाठी समुद्रात गेली. आता जी उचलली ती नंतरची. नंतरची! सरळ गोष्ट, माझ्या डोक्यात कशी आली नाही? तारेतला शब्द न् शब्द मला पाठ आहे आणि पोरीने एका घासात ओळखलं.

म्हणजे वादळानंतर कुणीतरी सव्वा रुपया ठेवला. खाच मारून.

७ मे

नाही. दुसऱ्या कुणाला दादाने शिकवलं असेल आधी. एखाद्या हाताखालच्या माणसाला. किंवा जुन्या डोलकाठीखालची नाणी कुणी उचलून नवीखाली ठेवली असतील. डच नाणं नाही का तसंच ठेवलं? तसंच असेल.

११ मे, शनिवार

योस्टने नाणी दिली. कापसात गुंडाळून, छोट्या डबीत.

पावलीवर गेंडा आहे. गेंड्याची पावली दादा निघाला तेव्हा नव्हतीच. साल स्वच्छ दिसतं — १९९०. रुपयाही नव्वदचाच.

तार आली सत्त्याऐंशीला.

योस्ट काहीतरी बोलत होता. कॉफी दिली त्याने. मी बसची वाट बघत उभी राहिले आणि एकामागून एक बसेस सोडल्या.

१२ मे

आईला फोन नाही केला. नंदाला मेसेज टाकला, बरं नाही म्हणून.

१७ मे

तो जगला होता. हाताखालचा परका माणूस तीन वर्षांनी नव्या नाण्यांवर बाबांची खाच कशाला मारेल? कुणा कोळ्याने उचललं असेल, कुठल्या बेटावर लागला असेल, काय वाटेल ते. पण तो परत आला, ह्याच जहाजावर आला, नवी डोलकाठी घडवली, हळूच बाबांसारखी खाच मारली — आणि घरी एक ओळ नाही? नव्वद सालची नाणी त्याला मिळाली कुठून? कुणा खलाशाकडे मागितली? की देशात येऊन गेला? मुंबईपर्यंत आला आणि जयगडला आला नाही?

आणि बाबा पानांचा पुतळा जाळत होते. तेव्हाही तो कुठे भात खात बसला असेल.

राग येतोय. इतकी वर्षं त्याच्यासाठी रडले, आता त्याच्यावर चिडता येतंय, हेही काही कमी नाही. आणि मग वाटतं, खाच तर मारली ना रे? सगळं सोडलंस आणि तेवढं नाही सोडलंस. का नाही सोडलंस?

१९ मे

योस्टने नव्वदनंतरच्या मालकांचा माग काढायचा प्रयत्न केला. विक्री, मग विक्री, मग बुजलेलं सगळं. सुताराचं नाव कोण लिहून ठेवतो? "आय ॲम सॉरी, उर्मिला." सॉरी तो का म्हणतोय?

२६ मे

आई परत पडली. नंदा म्हणते, जेवत नाही. दोन घास खाते आणि ताट सारते. सारखं विचारते, उर्मीचा फोन का नाही.

२८ मे

खरं सांगू? जिवंत होता आई, मजेत होता, फक्त तुला कळवलं नाही. ह्या वयात हे तिच्या पदरात टाकू? श्रीनिवास म्हणतो, तिचा मुलगा आहे, तिला हक्क आहे. आर्या म्हणते, "जस्ट टेल हर ही वॉज अलाइव्ह, मम्मा. इट्स गुड न्यूज, व्हॉट." हिच्या वयाला सगळं सोपं.

गुड न्यूज.

१ जून

ठरवलं.

२ जून, रविवार

आईला सांगितलं, दादा त्या वादळातच गेला. खोटं बोलले. पलीकडे फोन या कानावरून त्या कानावर नेल्याची खरखर. मग म्हणाली, "नक्की ना गो? बुडालाच ना?" मी म्हटलं, नक्की. "निघताना मीच बोलल्ये होत्ये त्याला, मेलास तरी तोंड दाखवू नकोस म्हणून. कुणाला नाही सांगितलं, तुझ्या बाबांनाही नाही. एवढी वर्षं देवाला एकच विचारत्ये, पोर बुडालं की माझ्यावर रुसलं? बुडालं होय. बरं झालं, उर्मे."

नंदाचा मेसेज आलाय. आई आज पोटभर जेवली.