आईचा खांदा, तुमचा विळा

आबा, पावसाळा सरल्यापासून मी आईला पोखर्णीहून परभणीला खांद्याचे व्यायाम शिकायला नेते आहे. हात वर उचलला की आतली शीर दोन हाडांमध्ये चिमटते, असं तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं. शेळ्यांना पाला पाडायला तिनं वर्षानुवर्षं लांब बांबूच्या आकडीनं बाभळीच्या फांद्या ओढल्या, त्यानं झालं असावं. तुम्ही खाली बसून तंबाखू मळत म्हणायचात, "अजून वरची वढ, ती कवळी हाय."

मी सातवीत होते तेव्हा तिचा हात वेणीपर्यंत जाईना. तेव्हाच आपला एडका लंगडायला लागला. एडक्याला तुम्ही टेम्पोत घालून परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन आणलंत. आईच्या खांद्याला डाग द्यायला चुलीत विळा तापत ठेवलात. मी विचारते, "आईला पण दवाखान्यात न्या ना." तुम्ही विळ्यावरून नजर काढत नाही. "एडक्याला बोलता येत न्हाई. तुही माय सांगंल की, दुखलं तर." ती दात आवळून बसली होती. शाळेत जाणारी घरातली मी पहिली, पण त्या दिवशी तुमचा हात कसा धरायचा हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मॅडम शेक द्यायला आल्या आणि डाग बघून थांबल्या. "मावशी, हे कशानं?"

"चुलीवर भाजलं व्हतं," आई म्हणाली.

मला धीर धरवेना. त्या कातडीला चटका कळलाच नाही आणि पुन्हा भाजलं तर? मी सांगून टाकलं, वडिलांनी विळ्यानं डागलंय. मॅडमनी बोटांनी चाचपलं. कातडी बधिर निघाली, शेक रद्द झाला. परतताना ऑटोत आई बाहेर बघत म्हणाली, "मेलेल्या माणसाला चारचौघांत उघडं केलंस. लय शिकलीस." पुढं कितीतरी दिवस ती माझ्याकडे पाठ करून व्यायाम करायची.

व्यायाम साधेच आहेत. डावा हात टेबलावर टेकून वाकायचं आणि उजवा नुसता लोंबता सोडून हलवायचा. मग भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची आणि दुखायला लागलं की थांबायचं. हे थांबणंच तिला जमेना. ओठ दाबून रेटायची. "मावशी, इथं मुकादम नाही हो," मॅडम हसल्या. "दुखल्याबिगर केल्यावानी वाटत न्हाई, बाई," ती म्हणाली. हे तिच्या अंगात कुणी मुरवलं, ते मला विचारावं लागलं नाही. घरी मी शेजारी उभी राहते, भिंतीवर खडूनं खूण करते, आपलंच काही चुकत तर नाही ना म्हणून मॅडमना पुन्हा फोन करते.

परवा तिची बोटं खुणेच्या वर गेली, न दुखता. "गेला की गं!" ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मी तेव्हा खडूच्या खुणेकडे बघत मनातल्या मनात तुम्हाला म्हणत होते, बघा आता. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मला सांगता येणार नाही. मी पाहिलाच नाही.