आमच्या झेंड्यावरची फीत

१९ मे २००९

झालं! कॅप्टन हार्ग्रोव्हनी आमच्या लष्करी ट्रक कंपनीचा इतिहास माझ्याच गळ्यात घातला. वर्धापनदिनाला वाचायचा. पायदळवाले हिणवतात, "ट्रक हाकणाऱ्यांचा कसला इतिहास?" पण सापडला! व्हिएतनाम, १९६८. आमच्याच नंबरच्या कंपनीने गोळीबारातून रसदीचा ताफा बाहेर काढला. झेंड्याला बांधायची मानाची फीत मिळाली. आणि आमच्या झेंड्याला ती नाहीच! ती आम्हाला मिळावी म्हणून वॉशिंग्टनला अर्ज टाकला. फीतही मागवून टाकली — उत्तर येईल तेव्हा येईल.

२ जून

त्या ताफ्यातला एक ड्रायव्हर सापडला, अलाबामात. लेम्युएल गेन्स. फोनवर म्हटलं, फीत तुम्हीच बांधायची. त्यांनी पत्ता लिहून घेतला. मग, "कपडे काय घालू?"

११ जून

वॉशिंग्टनचं पत्र. ती कंपनी १९६९ मध्येच कायमची मोडली. आमची १९७६ ची, नवीन. नंबर तेवढा तोच. लष्कराच्या लेखी दोन्ही कंपन्यांचा वंश वेगळा, म्हणून मानही आमचा नाही.

नंबर बघितला आणि धावले! अठरा वर्षं नोकरी करून नव्या रंगरुटाची चूक. गेन्सना फोन लावला, वाजायच्या आत ठेवला. पत्र खणात टाकलं.

१३ जून

वर्धापनदिनाला गेन्स नऊ तास गाडी हाकत आले. करडा सूट. झेंड्याला फीत बांधताना गाठ दोनदा सुटली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी वाचत होते — "आपला वंश, आपला मान..." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना त्यांनी १९६८ च्या त्या ताफ्यात जळालेल्या तिघांची नावं सांगितली. मी मान डोलावत राहिले. खोटारडी!

१५ जून

कॅप्टनना पत्र दाखवलं.

"समारंभाआधी आलं होतं?"

"हो, सर."

ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "फीत काढ, स्टॉलवर्थ. आणि त्यांना तूच सांग, समोर जाऊन."

२० जून

अलाबामा. गेन्सच्या ओसरीवर फीत पुढे ठेवली. सगळं कबूल केलं.

"ठाऊक होतं, पोरी. एकोणसत्तरात आमची कंपनी मोडली तेव्हा झेंडा मीच कायमचा गुंडाळला. फोनवरच सांगायला हवं होतं तुला. पण चाळीस वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं गं."